पक्षाघातानंतर: हाडं, डोकं आणि चालणं

बारामती तालुक्यात, सुप्यात काय किंवा मोरगावला काय, "अंगावरून वारं गेलं" असं कानावर आलं की माणसं आधी हात-पाय विचारतात. हात उचलतो का, पाय टाकतो का, बोलणं समजतं का. दवाखान्यातून घरी आणल्यावर भेटायला येणाराही हेच विचारून जातो. दोन गोष्टी मात्र कुणाच्याच बोलण्यात येत नाहीत. खुब्याचं हाड आतून विरळ होत असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. आणि दुधाचा हिशेब चुकायला लागला, सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवेना, तर "वय झालं आता" म्हणून विषय संपवला जातो.

या दोन्ही गोष्टींवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरंच संशोधन झालं. अलीकडे पुढचा प्रश्न विचारला जातो आहे: पक्षाघातानंतर हाडांची झीज आणि बुद्धीची घसरण यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का? हाडांमुळे डोकं मंदावतं, डोकं मंदावल्यामुळे हाडं मोडतात, की दोन्हींचं मूळ तिसरीकडेच आहे? आजवरचा पुरावा नीट मांडला तर पारडं तिसऱ्या शक्यतेकडे झुकतं. हाडातून निघून मेंदूला वाचवणाऱ्या रसायनाचा शोध रंजक आहे, पण आज हातात घेता येईल असा धागा साधा आहे: माणूस पुन्हा उभा राहतो का आणि चालतो का.

आजार कुठला, गाव कुठलं

बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस, साखर कारखाने आणि एमआयडीसी येते. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे मात्र तालुक्याच्या जिरायती अंगाला आहे. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी, दावणीला चार जनावरं आणि जनाई-शिरसाई सिंचन योजनेचं आवर्तन कधी सुटतं याची वाट, असा हा भाग. तरणी माणसं पुण्याला नाहीतर एमआयडीसीत, आणि घरी म्हातारा-म्हातारी. पक्षाघात झाला की चौफुल्यामार्गे पुणे गाठायचं नाहीतर बारामतीला न्यायचं. पुढचे सहा महिने मात्र घरातल्या बाजेवरच जातात, आणि हा लेख त्या सहा महिन्यांविषयी आहे.

हा आजार शहरी, सुखवस्तू माणसांचा, हा समज महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासानं मोडला. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि 'सर्च' संस्थेच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. दर सात मृत्यूंमागे एक. पक्षाघातानं गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसं घरीच गेली होती. डॉ. प्र. म. दलाल यांच्या २००८च्या मुंबईतल्या पाहणीत लाखामागे वर्षाला सुमारे १४५ नवे पक्षाघात नोंदले गेले आणि २८ दिवसांत दर दहांतले तीन रुग्ण दगावले. उरलेले सात जगतात. पुढचा सगळा विचार त्यांचा आहे.

हाड का झिजतं

हाड ही जिवंत पेशींची वस्ती आहे. त्यावर भार पडला, स्नायूंनी ओढ दिली की हाडातल्या पेशी नवी बांधणी चालू ठेवतात. भार थांबला की त्याच पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात आणि बांधकाम रोखून धरतात. पक्षाघातात एका बाजूचा भार एकाएकी जातो, म्हणून झीजही त्याच बाजूला जास्त होते. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या आना रामनेमार्क यांनी १९९९मध्ये दाखवलं की गंभीर पक्षाघातानंतरच्या पहिल्या वर्षात लुळ्या बाजूची हाडं सतत विरळ होत जातात, तर सगळं काम ज्याच्यावर येऊन पडतं त्या चांगल्या हाताची घनता उलट वाढते. एकाच माणसाच्या अंगात एक हात कमावतो आणि दुसरा गमावतो, यापेक्षा बोलका पुरावा कुठला हवा?

नॉर्वेतल्या यॉर्गेन्सेन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास लहान, अवघ्या ४० रुग्णांचा, पण या विषयात फार मोलाचा आहे. त्यांनी वर्षभर खुब्याच्या हाडाची घनता मोजली. चाकाच्या खुर्चीतच राहिलेल्यांची लुळ्या बाजूची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटली. सुरुवातीपासून चालू शकणाऱ्यांची घट ३ टक्क्यांच्या आसपास होती. दोन महिन्यांच्या आत पुन्हा चालायला शिकलेले या दोन्हींच्या मध्ये होते. म्हणजे नुकसान पहिल्या काही महिन्यांतच होतं, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे "आराम करू दे" असा सल्ला दिला जातो.

विरळ हाड एरवी वर्षानुवर्षं न मोडता राहू शकतं. ते पडल्यावर मोडतं. इंग्लंडमधल्या १९९५च्या एका पाहणीत दवाखान्यातून घरी गेलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांपैकी ७३ टक्के सहा महिन्यांत एकदा तरी पडले होते. पडताना माणूस बहुधा लुळ्या बाजूलाच कलंडतो आणि तोल सावरायला तो हात पुढे येत नाही. त्यामुळे सगळ्यात विरळ हाडावर सगळ्यात मोठा आघात होतो. पक्षाघात झालेल्यांना खुबा मोडण्याचा धोका इतरांच्या दोन ते चार पट असतो, तो यामुळेच.

डोक्याचं काय होतं

साराह पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांनी २००९मध्ये जगभरातल्या अभ्यासांचं संकलन केलं. पहिल्या पक्षाघातानंतर दहांतल्या एकाला नव्यानं स्मृतिभ्रंश होतो; पक्षाघात पुन्हा झाला तर हे प्रमाण एकतृतीयांशाच्या वर जातं. स्मृतिभ्रंशाइतकी नसली तरी रोजच्या व्यवहारात जाणवेल अशी घसरण यापेक्षा बऱ्याच जास्त जणांमध्ये दिसते.

ही घसरण आपल्या कल्पनेतल्या विसरभोळेपणासारखी नसते. जुन्या आठवणी शाबूत असतात, नातवंडांची नावं येतात. बिघडतं ते लक्ष, वेग आणि कामाची आखणी. चहा करताना आधी काय आणि नंतर काय हे सुचत नाही, एका वेळी दोन गोष्टी झेपत नाहीत. उजव्या मेंदूला इजा झाली असेल तर कधीकधी डावी बाजू 'असते' हेच ध्यानात येत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि डावीकडच्या उंबऱ्याला पाय अडखळतो. आपला पाय चालत नाही हे विसरून रात्री एकट्यानं मोरीकडे निघणारा माणूस याच गटातला. पडण्याचं कारण पायात जितकं असतं तितकंच डोक्यात असतं, ते असं.

हे तपासायचं कसं, हा प्रश्न ग्रामीण महाराष्ट्रात जास्तच अवघड आहे. घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात-सात वजा करा, अशा चाचण्या शाळा न पाहिलेल्या आजीपुढे ठेवल्या तर तिची बुद्धी मोजली जात नाही, शिक्षण मोजलं जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार करवून घेतला, पण तो पहिल्यांदा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत आला. मराठी त्यांत नव्हती. तरी घरच्या माणसाला अंदाज येतो. वार उलटे म्हणायला लावा: रविवार, शनिवार, शुक्रवार. आठवड्याच्या बाजारातून आणायच्या तीन वस्तू सांगा आणि पाच मिनिटांनी विचारा. पूर्वी जमणारं आता जमत नसेल तर ते वयावर ढकलू नये, डॉक्टरांना सांगावं.

हाड मेंदूशी बोलतं का

आता मूळ प्रश्न. सगळ्यात आकर्षक उत्तर प्रयोगशाळेतून आलं. कोलंबिया विद्यापीठातले जेरार कार्सेंटी यांनी २०१३मध्ये दाखवलं की हाडांच्या पेशी सोडत असलेलं ऑस्टिओकॅल्सिन रक्तातून उंदरांच्या मेंदूत पोचतं आणि शिकण्यावर, स्मरणावर परिणाम करतं. २०१७मध्ये त्यांच्या गटानं मेंदूत ते ज्या रेणूला जोडलं जातं तोही ओळखला. स्मृतीवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले एरिक कँडेल त्या कामात सोबत होते. २०२४मध्ये आणखी एक शोध प्रसिद्ध झाला: भार नसताना हाड जे स्क्लेरोस्टिन सोडतं, तेही म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत शिरतं आणि त्यांची स्मरणशक्ती बिघडवतं. पक्षाघाताच्या रुग्णाशी हे किती जुळतं पाहा: पाय निकामी, म्हणून हाडावर भार नाही, म्हणून स्क्लेरोस्टिन जास्त, म्हणून मेंदूवर परिणाम.

साखळी सुबक आहे, पण ती उंदरांत जुळलेली आहे. शिवाय ऑस्टिओकॅल्सिनच्या हाडाबाहेरच्या कामगिरीवरच वाद आहे. २०२०मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले आणि साखरेच्या चयापचयाबद्दल पूर्वी सांगितलेले दोष त्यांना त्यांच्यात सापडले नाहीत.

माणसांतला पुरावा निरीक्षणांचा आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात २००५मध्ये आढळलं की खुब्याच्या हाडाची घनता सगळ्यात कमी असलेल्या स्त्रियांना अल्झायमरचा धोका दुपटीहून जास्त होता. पुरुषांत हा संबंध ठळक नव्हता. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात ३,६५१ जणांचा अकरा-एक वर्षं मागोवा घेतला गेला. २०२३च्या निष्कर्षांत कमी घनता आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला, पण तो सुरुवातीच्या वर्षांत जास्त होता. याचा साधा अर्थ असा की हाडांची झीज स्मृतिभ्रंशाचं कारण नसून त्याची आगाऊ खूण असू शकते. आतून आजार सुरू झालेला माणूस कमी हिंडतो, कमी खातो, वजन गमावतो, आणि हाड ते आधी दाखवतं.

खास पक्षाघाताच्या रुग्णांवरचे अभ्यास प्रामुख्यानं चीनमधल्या रुग्णालयांतून आले आहेत. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांची बुद्धी काही महिन्यांनंतर जास्त घसरलेली दिसते, असा त्यांचा सूर. इथे मोठी मेख आहे. ज्याचा पक्षाघात मोठा, तो जास्त दिवस पडून राहतो, ऊन कमी घेतो, हाडं जास्त गमावतो आणि त्याच्या मेंदूचं नुकसानही मोठंच असतं. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीला जन्म देते असं होत नाही.

पुण्यातला धागा आणि जपानमधला धडा

दोन्हींच्या मुळाशी असू शकणारं तिसरं कारण शोधायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढलं की पक्षाघाताचा धोका वाढतो, असं बरेच अभ्यास सांगतात. २००२मध्ये फ्रेमिंगहॅममधून सुधा शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध स्मृतिभ्रंशाशी दाखवला आणि २००४मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधून हाडं मोडण्याशी. होमोसिस्टीन वाढण्याचं एक मोठं कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००६मध्ये पुणे परिसरातल्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं.

तुकोबांची पालखी उंडवडीवरून बारामतीला जाते. या पट्ट्यात माळ घातलेली घरं पुष्कळ. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळतं ते दुधा-दह्यातून, आणि दूध बहुतेक डेअरीला जातं. घरात राहतं ते चहापुरतं. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी उतरतं.

मग गोळ्या देऊन प्रश्न सुटेल? २००५मध्ये अमेरिकेच्या 'जामा' या मातब्बर नियतकालिकात योशिहिरो सातो या जपानी डॉक्टरांची चाचणी आली. पक्षाघात झालेल्या ६२८ रुग्णांपैकी निम्म्यांना फोलेट आणि बी-१२ दिलं. दोन वर्षांत त्यांच्यातले ६ खुबे मोडले, दुसऱ्या गटातले २७. असा परिणाम हाडांच्या खास औषधांनाही साधत नाही. सातोंनी याच प्रकारच्या रुग्णांवर ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या औषधांच्याही चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्या सगळ्या अशाच घवघवीत. न्यूझीलंडचे मार्क बोलँड, ब्रिटनच्या ॲलिसन अव्हेनेल आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या ३३ चाचण्यांचे आकडे संख्याशास्त्रानं तपासले. रुग्णांचे गट एकमेकांशी जुळावेत त्याहून जास्त जुळत होते आणि एवढ्या रुग्णांची भरती एवढ्या कमी वेळात होणं अशक्य वाटत होतं. २०१६मध्ये 'जामा'नं गैरव्यवहाराच्या कारणावरून तो लेख मागे घेतला. पाठोपाठ इतर लेखही मागे घेतले जाऊ लागले.

तोवर खरं उत्तर मिळालं होतं. भारतासह २० देशांतल्या ८,१६४ रुग्णांवर झालेल्या व्हिटॅटॉप्स चाचणीत बी गटातल्या जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, पण २०१३मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार हाडं मोडणं कमी झालं नाही आणि बुद्धीची घसरणही थांबली नाही. ड जीवनसत्त्वाचंही असंच झालं. अमेरिकेतल्या २५,८७१ जणांच्या व्हायटल चाचणीत त्याच्या गोळ्यांनी ना हाडं वाचली, ना पक्षाघात टळला.

एक मात्र नोंदवायला हवं. त्या चाचण्यांतल्या बहुतेकांत मुळात कमतरता फारशी नव्हती. ज्याच्या रक्तात बी-१२ किंवा ड खरोखर कमी आहे, त्याची भरपाई केलीच पाहिजे. कमतरतेनं मज्जातंतू आणि हाडं बिघडतात हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. भरलेल्या पोत्यात आणखी ओतून मात्र काही साधत नाही.

औषधं: दोन्हींना जपायचं तर

डोक्यासाठी दिलेलं औषध हाडांवर उलटू शकतं. पक्षाघातानंतर नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटिन दिल्यानं हातापायांत सुधारणा होते का, हे ब्रिटनमधल्या ३,१२७ रुग्णांवरच्या फोकस चाचणीत पाहिलं गेलं. २०१८चा निकाल: नैराश्य कमी झालं, हातापायांत फरक पडला नाही, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण १.४७ टक्क्यांवरून २.८८ टक्क्यांवर गेलं. आकडीच्या झटक्यांसाठी दिलं जाणारं फेनिटॉइन ड जीवनसत्त्व लवकर संपवतं. झोपेच्या गोळ्यांनी रात्री तोल जातो. ही औषधं आपल्या मनानं बंद करायची नाहीत, पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर नजर टाकताना हाडांचाही हिशेब धरावा.

उलट, हाडांसाठीचं औषधही मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विचार करून निवडावं लागतं. स्क्लेरोस्टिनला रोखणारं रोमोसोझुमॅब हाड झपाट्यानं वाढवतं. पण २०१७च्या एका चाचणीत ते घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात थोडे जास्त दिसले, म्हणून पक्षाघातानंतर वर्षभर ते देऊ नये असा इशारा त्यावर आहे. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनेट जुनं आणि परवडणारं. केंब्रिजमधल्या २७ रुग्णांवरच्या २००७च्या छोट्या चाचणीत त्याच्या एकाच डोसानं खुब्याची झीज थांबली. खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेल्यांत तर त्यानं पुढचे अस्थिभंग सुमारे एकतृतीयांशानं घटवले. तरी ते देतो कोण? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, इतक्या सधन व्यवस्थेतही, पक्षाघातानंतरच्या वर्षात शंभरातल्या पाचच ज्येष्ठांच्या हाडांची घनता तपासली गेली होती.

एका व्यायामाची दोन फळं

या सगळ्या साहित्यातला सगळ्यात भरवशाचा दुवा व्हँकूवरमध्ये सापडतो. मार्को पँग, जॅनिस एंग आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये जुना पक्षाघात असलेल्या ६३ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटानं १९ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर उठणं-बसणं, पायरी चढणं-उतरणं, भरभर चालणं आणि तोल साधणं हे व्यायाम केले. त्यांच्या लुळ्या पायाच्या खुब्याची घनता टिकली. दुसऱ्या गटाची घटली. त्याच शहरात टेरेसा लियू-ॲम्ब्रोज यांनी २०२२मध्ये १२० रुग्णांवर तशाच स्वरूपाच्या सामूहिक व्यायामाची चाचणी केली, मात्र मोजली ती बुद्धी. सहा महिन्यांत व्यायाम करणाऱ्यांची बुद्धी सुधारली. बौद्धिक खेळ आणि गप्पांच्या गटाला तेवढा लाभ दिसला नाही. एकाच माणसात हाड आणि डोकं दोन्ही मोजणारी मोठी चाचणी अजून व्हायची आहे, पण दोन्हींना लागू पडणारा उपाय एकच असल्याचा हा सगळ्यात जवळचा पुरावा आहे.

त्याला दोन इशारे जोडायलाच हवेत. पहिला, घाई नको. २,१०४ रुग्णांवरच्या २०१५च्या ॲव्हर्ट चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवलेल्या रुग्णांची प्रगती इतरांपेक्षा कमी झाली. दुसरा, नुसतं घरच्यांवर सोपवून भागत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत, लुधियानाच्या डॉ. जयराज पांडियन यांच्या पुढाकारानं झालेल्या अटेंड चाचणीत १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक शून्य होता. सून शेतात, मुलगा कंपनीत; आजोबांना दिवसातून चारदा उभं करणार कोण?

सुप्यापुरतं बोलायचं तर

महागड्या यंत्रांची वाट न पाहता पुढची पावलं आजही टाकता येतात. दवाखान्यातून सुटताना प्रत्येक पक्षाघात रुग्णाचं बी-१२ आणि ड तपासावं. कमी असेल तर भरून काढावं, ठीक असेल तर उगाच देऊ नये. तीन महिन्यांनी बीपी-शुगर बघताना डोक्याचीही साधी चाचणी व्हावी आणि "किती वेळा पडलात?" हे आवर्जून विचारावं. पडलेल्या, आधी हाड मोडलेल्या किंवा चालू न शकणाऱ्या माणसाची हाडांची घनता बारामतीत किंवा पुण्यात मोजून औषधाचा निर्णय घ्यावा. घरात मोरीच्या वाटेवर रात्री दिवा राहावा आणि धरायला दांडा बसवावा.

आणि व्यायाम घरोघरी वाटून न टाकता गावात एकत्र व्हावा. हात नसलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवायची, चांगल्या बाजूला एक माणूस आणि लुळ्या बाजूला दुसरा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पुढे झुकून उठायचं, क्षणभर उभं राहायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा. मग एका पायरीची चढ-उतर. फिजिओथेरपिस्टनं महिन्यातून एकदा तपासायचं, बाकी दिवस आशाताई आणि दोन शिकवलेली माणसं पुरतात. समाजमंदिरात सकाळच्या उन्हात आठवड्यातून तीनदा दहा रुग्ण जमले तर हाडाला भार मिळतो, अंगाला ऊन मिळतं, डोक्याला चार माणसं मिळतात.

बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात बी-१२वर दोन दशकांहून अधिक काम झालेलं आहे, गडचिरोलीनं गावपातळीवर पक्षाघात कसा मोजायचा हे दाखवलं आहे. व्हँकूवरनं हाड एका चाचणीत आणि बुद्धी दुसऱ्या चाचणीत मोजली. दोन्ही एकाच रुग्णात, वर्षभर, मराठीतल्या चाचणीनं मोजायचं काम बारामतीच्या जिरायती गावांत होऊ शकतं. त्याला लागणारं साहित्य म्हणजे खुर्च्या, एक पायरी, रक्ताच्या दोन तपासण्या, हाडांच्या घनतेची मोजणी आणि नोंद ठेवणारा माणूस. हाडाचा बुद्धीशी संबंध आहे का याचं उत्तर 'नाही' आलं, तरी तोवर त्या रुग्णांचे खुबे शाबूत राहिलेले असतील.